टेप, पट्टा आणि पुढची तारीख

गावोगावच्या आशा स्वयंसेविकेच्या, म्हणजे आशाताईंच्या पिशवीत एक टेप असते. शिंप्याच्या गळ्यात असते तशीच, दीडशे सेंटीमीटरची, एका अंगाला सेंटीमीटर आणि दुसऱ्या अंगाला इंच. सरकारी आरोग्यव्यवस्थेत एमआरआय मशीन आहेत, डायलिसिसची केंद्रं आहेत, १०८ ची गाडी आहे. तरी तिशी ओलांडलेल्या माणसाशी या व्यवस्थेची पहिली गाठ बऱ्याचदा या टेपेनेच पडते.

ज्या कागदासाठी ती टेप पिशवीतून बाहेर येते त्याला सगळे ‘सीबॅक’ (कम्युनिटी बेस्ड असेसमेंट चेकलिस्ट) म्हणतात. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा हा फॉर्म भरायचा असतो. रक्तदाब, मधुमेह आणि तोंड, स्तन, गर्भाशयमुख यांचे कर्करोग, अशा पाच आजारांच्या तपासणीचं हे दार. पहिल्या भागात गुण असतात. वय ३० ते ३९ असेल तर १, चाळिशीत २, पन्नाशीत ३, साठीपुढे ४. तंबाखू रोज असेल तर २, अधूनमधून किंवा पूर्वी खाऊन सोडली असेल तर १. दारू रोज असेल तर १. कंबर बाईची ८० सेंटीमीटरपर्यंत आणि पुरुषाची ९० पर्यंत असेल तर शून्य, त्यापुढच्या दहा सेंटीमीटरला १, त्याहून जास्त असेल तर २. आठवड्याला १५० मिनिटं अंगाला हालचाल नसेल तर १. आईवडील किंवा भावंडांपैकी कुणाला बीपी, शुगर, हृदयविकार असेल तर २. बेरीज चाराच्या वर गेली की त्या माणसाला तपासणीच्या दिवशी आधी बोलवायचं. तपासणी सगळ्यांचीच करायची असते, गुणांनी फक्त क्रम लागतो. पण हजार वस्तीच्या गावात क्रमात मागे पडलेला माणूस प्रत्यक्षात कधी तपासला जातो, हे कुणी वेगळं सांगायला नको.

आता एक बेरीज करून बघा. बेचाळीस वर्षांचा माणूस, रोज तंबाखू, दारू नाही, शेतात राबणारा, घरात कुणाला काही नाही. वयाचे २, तंबाखूचे २. कंबर विचारली तर तो म्हणतो, ‘चौतीस.’ चौतीस इंच म्हणजे ८६ सेंटीमीटर, गुण शून्य, बेरीज ४. सुटला. पण चौतीस हा त्याच्या पँटचा नंबर आहे, आणि पँट तो पोटाखाली बांधतो. टेप नीट लावली तर आकडा ९६ येतो, गुण १, बेरीज ५. एका आकड्याने माणूस रेषेच्या या बाजूचा त्या बाजूला गेला.

टेप नीट लावायची म्हणजे कुठे? बेंबी बघून नाही. बरगड्यांचं सगळ्यात खालचं हाड बोटाने चाचपायचं, मग कमरेच्या हाडाची वरची कड चाचपायची, आणि या दोहोंच्या बरोबर मध्ये टेप धरायची. माणूस सरळ उभा, पाय जवळ, वजन दोन्ही पायांवर सारखं. टेप सगळीकडून जमिनीला समांतर आहे ना, हे पाठीमागे वाकून बघायचं, कारण मागे ती नेहमी खाली घसरते. अंगाला टेकलेली हवी, रुतलेली नको. श्वास सहज सोडल्यावर आकडा वाचायचा. ‘पोट आत घेऊ नका’ म्हणून उपयोग होत नाही, सांगितल्याबरोबर माणूस हमखास आत घेतो. त्याला काहीतरी विचारावं. उत्तर देताना श्वास सुटतो, तेव्हा वाचावा.

बायकांच्या बाबतीत अडचण वेगळी. निऱ्या, परकराची नाडी, वरून पदर खोचलेला. त्या सगळ्यावरून टेप फिरवली तर ७९ ची कंबर सहज ८५ होते. म्हणून आडोसा लागतो, बाईनेच बाईचं माप घ्यायला लागतं, आणि दोन मिनिटं जास्त लागतात. फॉर्म भरायला आशाताईंना सुरुवातीला ठरवून दिलेला मोबदला दहा रुपये होता. त्या दहा रुपयांत आडोसा, चाचपणं आणि मागून वाकून बघणं बसवायचं, ही अपेक्षा कुणी ठेवली असेल तर त्याने एकदा दुपारी दोन वाजता वाडीवरून वाडीवर चालून बघावं.

कंबरच का, वजन का नाही? याचं उत्तर पुण्यातच सापडलं आहे. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच दोन आकडे शेजारी ठेवले. उंचीच्या मानाने वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. आपल्याकडचा माणूस हातापायांनी काटक दिसतो, स्नायू कमी आणि पोटात चरबी जास्त, असा हा प्रकार. वजनकाट्याला तो सापडत नाही. ‘मी कुठे जाड आहे?’ असं विचारणाऱ्या सडपातळ माणसाला शुगर निघते ती यामुळे.

फॉर्ममधले बाकीचे प्रश्नही विचारावे तसं उत्तर देतात. ‘तंबाखू खाता का?’ म्हटलं की कितीतरी बाया मनापासून ‘नाही’ म्हणतात, आणि सकाळी मिश्री लावलेली असते. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, पण ती ‘खात’ नाहीत, ‘लावतात’. प्रश्न ‘मिश्री लावता का?’ असाच हवा. दारूचा प्रश्न बायकोसमोर विचारला तर एक उत्तर, बांधावर विचारला तर दुसरं. घराण्याचा प्रश्न सगळ्यात फसवा. ज्यांचं बीपी आयुष्यात कधी मोजलंच गेलं नाही त्या वडलांना बीपी होतं की नव्हतं, हे मुलगा कसं सांगणार? तो एवढंच सांगतो, ‘एकाएकी गेले, शेतातनं आले नि पडले.’ फॉर्मवर तिथे ‘नाही’ची खूण होते. जाणत्या आशाताई समासात लिहून ठेवतात.

फॉर्म भरला की माणूस उपकेंद्रात यायला हवा. कागदावर रचना अशी आहे: सपाटीवर पाच हजार लोकवस्तीला आणि डोंगराळ-आदिवासी भागात तीन हजारांना एक उपकेंद्र. तीस हजारांना, डोंगरात वीस हजारांना, एक प्राथमिक आरोग्य केंद्र, म्हणजे पीएचसी. त्याच्यावर ग्रामीण रुग्णालय, तीस खाटांचं. मग उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालय. उपकेंद्रात आरोग्यसेविका असते, तिला गाव सिस्टर म्हणतं. २०१८ नंतर बऱ्याच ठिकाणी समुदाय आरोग्य अधिकारीही आले, ते ‘सीएचओ’. पाटी बदलली, आयुष्मान आरोग्य मंदिर झालं, लोक अजून ‘दवाखाना’च म्हणतात. गावातलं नाव टिकाऊ असतं.

उपकेंद्रातलं दुसरं साधन म्हणजे बीपीचं मशीन आणि त्याचा पट्टा. इथे चुकायच्या जागा इतक्या आहेत की बरोबर आकडा येणं हाच थोडा योगायोग वाटावा. माणूस चालत आलाय, उन्हातून, येताना टपरीवर चहा आणि तंबाखूची चिमूट झालेली. आल्या आल्या स्टुलावर बसवून पट्टा गुंडाळला तर मोजलं काय, बीपी की चढण? चहा, तंबाखू, श्रम यांनंतर अर्धा तास जाऊ द्यायचा. लघवीला जाऊन यायला सांगायचं. मग पाठ टेकेल अशा खुर्चीत पाच मिनिटं नुसतं बसवायचं, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नाही. स्टूल नको, कारण पाठ सुटी राहिली की आकडा चढतो. हात टेबलावर, दंड छातीच्या मध्याच्या उंचीला. हात खाली लोंबता राहिला तर दर दहा सेंटीमीटरला सात-आठ आकडे वर जातात. ही पाण्याच्या टाकीचीच गोष्ट: नळ जितका खाली, दाब तितका जास्त. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या घडीपासून दोन बोटं वर. सदऱ्याची बाही वर सरकवून दंडाला करकचून बसली असेल तर सदरा काढायला लावायचा. जाड दंडाला लहान पट्टा लावला की आकडा खोटा चढतो, आणि मोठा पट्टा अनेक उपकेंद्रांत नसतोच. मोजताना बोलायचं नाही, मोजणाऱ्यानेही. ‘काय मावशी, पाऊस झाला का तिकडे?’ या आपुलकीच्या वाक्याने मावशींचं बीपी दहाने वर जाऊ शकतं. एक-दोन मिनिटांनी पुन्हा मोजायचं आणि दोन्हींची सरासरी लिहायची.

रजिस्टर उघडून बघितलं की मोजणी कशी झाली ते ओळीवरूनच कळतं. १२०/८०, १३०/८०, १४०/९०, १२०/८०. इतके गोल आकडे माणसाच्या अंगात नसतात. १३६/८४, १४२/९२ असे ओबडधोबड आकडे दिसले की समजावं, इथे खरोखर पट्टा बांधला गेलाय.

१४०/९० किंवा वर आलं म्हणजे लगेच रोगी ठरला असं नाही. वेगळ्या दिवशी पुन्हा मोजून डॉक्टर ठरवतात. १८०/११० च्या घरात असेल तर मात्र त्याच दिवशी पुढे पाठवायचं. शुगरचंही तसंच. बोटातल्या थेंबावर आकडा १४० किंवा वर आला तर संशय, निदान नाही. निदानाला उपाशीपोटी शिरेतलं रक्त लागतं आणि तिथे १२६ ही रेष. थेंब घ्यायच्या आधी हात साबणाने धुवायला लावावेत. ज्या बोटांनी आत्ताच केळं सोललं त्यांच्यावर साखर असते आणि मशीनला ती रक्तातलीच वाटते. स्पिरिट वाळू द्यावं, बोटाच्या टोकाऐवजी कडेला टोचावं, पहिला थेंब पुसावा. शुगर तपासायच्या पट्ट्यांच्या डबीचं झाकण उघडं राहिलं तर पट्ट्या दमटून बिघडतात. कोकणातल्या जुलैत त्याला फार दिवस लागत नाहीत.

एवढं सगळं नीट झालं तरी ते निम्मंही काम नव्हे. बीपीची गोळी डॉक्टर सुरू करतात, म्हणजे पीएचसीला जावं लागतं किंवा ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवर डॉक्टरांशी बोलावं लागतं. पुढे दरमहाच्या गोळ्या उपकेंद्रातून मिळाव्यात अशी सोय आहे. अडतं ते या ‘दरमहा’पाशी. साठा कमी असला की तीस दिवसांऐवजी दहा दिवसांच्या गोळ्या देतात, म्हणजे माणसाला महिन्यातून तीन खेपा. उपकेंद्र उघडं असतं तेव्हा तो शेतात, तो मोकळा होतो तेव्हा कुलूप. एका खेपेला अर्धा रोज बुडतो. गोळी फुकट आहे, पण खेप फुकट नाही. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरचे पैसेही माफ झाले. चांगलंच झालं. पण रोज बुडतो त्याचा हिशेब अजून कुठल्याच खात्यात नाही.

माणूस गोळी सोडतो त्याची कारणंही ठरलेली. पहिलं: ‘बीपी नॉर्मल आलं, मग कशाला?’ गोळीमुळे नॉर्मल आलं, हे त्याला सुरू करतानाच सांगितलेलं असावं लागतं. दुसरं: बीपीच्या अॅमलोडिपिन या गोळीने कधी कधी घोट्यांना सूज येते. ती येऊ शकते हे कुणी आधी बोललं नसेल तर माणूस ‘गोळी लागू पडत नाही’ म्हणून गप्प बंद करतो, परत येऊन सांगत नाही. तिसरं कारण ऊस. मराठवाड्यातली कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे कोयते घेऊन कारखान्यांकडे निघतात ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. कार्ड गावच्या उपकेंद्रात, माणूस फडात. फडाजवळच्या पीएचसीने ‘तुमच्या भागात घ्या’ म्हणायचं नसतं. तरी असं म्हटलं जातं, कारण त्याचं नाव इथल्या यादीत नसतं आणि साठा यादीच्या हिशेबाने आलेला असतो. निघण्याआधी जास्त दिवसांच्या गोळ्या आणि आकडे लिहिलेला एक साधा कागद हातात देणारी सिस्टर इथे जे करते ते कुठल्या ॲपने होत नाही.

आणखी एक गाठ बाहेरच्याला दिसत नाही. उपकेंद्र आणि पीएचसी जिल्हा परिषदेच्या हाताखाली, तिथले साहेब जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण रुग्णालयापासून वरचं सगळं राज्य सरकारचं, तिथले साहेब जिल्हा शल्यचिकित्सक. वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय तिसऱ्याच खात्याचं. एकाच माणसाचा एकच आजार तीन कचेऱ्यांतून जातो. चिठ्ठी वर जाते, तिचं उत्तर खाली येत नाही. सिव्हिलमध्ये गोळी बदलली हे उपकेंद्राला कळतं ते माणसाने रिकामं पाकीट दाखवलं तर. म्हणून रिकामी पाकिटं फेकू नका, हे पेशंटला सांगण्यासारखं सगळ्यात कामाचं वाक्य आहे.

आता त्या १५० मिनिटांकडे येऊ. फॉर्मवर तो एक गुणाचा प्रश्न, आणि सगळ्यात घाईने उरकलेला. ‘काम करता ना? मग झालं.’ शेतातलं काम व्यायामात धरायचंच, व्यायाम म्हणजे फक्त बूट घालून केलेला असं नाही. पण काम मोसमी असतं. लावणी-काढणीत माणूस दिवसाला आठ तास राबतो आणि मधल्या महिन्यांत पारावर असतो. नांगरट ट्रॅक्टरने, मळणी यंत्राने, शेताला जायला मोटारसायकल. घरकाम करणाऱ्या बाईचे हात दिवसभर चालतात, पण दम लागेल असं त्यात फार थोडं. म्हणून प्रश्न ‘काम करता का?’ असा नसावा, ‘गेल्या आठवड्यात किती दिवस दम लागेपर्यंत चाललात किंवा राबलात, आणि किती वेळ?’ असा असावा.

दम किती लागायला हवा याला घड्याळ नको. चालता चालता बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, तो वेग बरोबर. गाणं म्हणता येत असेल तर वाढवा, बोलताही येत नसेल तर कमी करा. पावलं मोजायची असतील तर मिनिटाला साधारण शंभर. इथे आपल्या शतपावलीची गंमत आहे. शंभर पावलं म्हणजे बरोबर एक मिनिट झालं! जेवणानंतर चालायची कल्पना मात्र पक्की आहे, कारण पायांचे मोठे स्नायू चालू झाले की रक्तातली साखर ओढून घेतात आणि त्यासाठी त्यांना इन्सुलिनची फारशी वाट बघावी लागत नाही. फक्त ती शतपावली पंधरा वेळा करायची.

सवय नसलेल्याने पहिल्या आठवड्यात दिवसाला दहाच मिनिटं चालावं, दर आठवड्याला पाच वाढवावीत. पाचव्या आठवड्यात तीस होतात, आठवड्याचे पाच दिवस धरले की १५० भरली. ती सलगच हवीत असं नाही. पूर्वी दहा मिनिटांपेक्षा कमी चाललेलं धरत नसत. २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने ती अट काढून टाकली. लोक चालणं सोडतात ते बहुतेक पहिल्या पंधरवड्यात, आणि कारण एकच: पहिल्याच दिवशी तासभर चालतात, पोटऱ्या आणि गुडघे धरतात, मग ‘मला मानवत नाही.’ पायात चपलेपेक्षा मागून पक्कं पादत्राण हवं. शुगर असेल तर अनवाणी मुळीच नाही, आल्यावर तळपाय बघायचे, आणि शुगरची गोळी चालू असेल तर खिशात खडीसाखर असू द्यावी. छातीत दाटलं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली, घाम फुटला, तर थांबायचं आणि १०८ लावायचा. ‘गॅस असेल’ म्हणून घरापर्यंत चालत जायचं नाही.

चालणं हे अर्धंच. आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना जोर लागेल असं काही हवं, आणि फॉर्मवर याचा प्रश्नच नाही. पोटात चरबी आणि अंगात कमी स्नायू असलेल्या आपल्यासारख्यांना तर हे जास्तच लागू. तालमीत जाण्याची गरज नाही. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं आठ-दहा वेळा, भिंतीवर हात टेकून जोर आठ-दहा, टाचा उचलणं पंधरा. थोडं थांबून पुन्हा एकदा. उठताना श्वास सोडायचा, कोंडायचा नाही. श्वास कोंडून जोर लावला की तेवढ्यापुरतं बीपी उसळतं. सूर्यनमस्कार येत असतील तर उत्तम, औंध संस्थानात पंतप्रतिनिधींनी शाळाशाळांतून ते करवून घेतले होते; पण गुडघे दुखणाऱ्या साठीच्या बाईला एकदम बारा सांगू नयेत. तिला दाराची चौकट धरून एका पायावर दहा सेकंद उभं राहायला सांगावं, मग दुसऱ्या. म्हातारपणी माणूस पडून खुबा मोडतो आणि अंथरुणाला खिळतो, तिथे तोल कामाला येतो.

महिन्याने ती बाई गोळ्या न्यायला आली की बीपीबरोबर कंबरही पुन्हा मोजावी. वजन हललेलं नसतं आणि कंबर दोन सेंटीमीटर उतरलेली असते, असं बऱ्याचदा होतं. तो आकडा तिच्याच कार्डावर, तिला दिसेल असा लिहावा.

फक्त टेप बघून घ्यावी. कापडी टेप वापरून वापरून ताणली जाते, आणि ताणलेली टेप कंबर कमी दाखवते. पुरुषाची ९२ ची कंबर ९० वाचली जाते, म्हणजे गुण शून्य. दर सहा महिन्यांनी ती स्टीलच्या पट्टीवर अंथरून बघायची. तीस सेंटीमीटरला अर्धा सेंटीमीटर जरी फरक दिसला तरी ती टेप ब्लाउज बेतायला द्यावी आणि नवी घ्यावी. बाजारात ती वीस-तीस रुपयांत मिळते, आणि आशाताई ती बहुतेक वेळा स्वतःच्याच पैशांनी आणतात.